जुन्या मालडब्याचं अचूक मॉडेल: पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचा एक्स-२९ घेऊन पहिली पावलं

इंजिनाचं मॉडेल सगळेच मन लावून निवडतात. कुठल्या कंपनीचं, कुठल्या सालचं, चाकं किती, यावर तासन्‌तास चर्चा होते. डबे जोडायची वेळ आली की मात्र खोक्यात हाताला लागेल ते जोडलं जातं. गाडीत इंजिन एक असतं आणि डबे साठ-सत्तर. गाडी खरी वाटते की खेळण्यातली, हे त्या डब्यांवर ठरतं. म्हणून हा लेख फक्त मालडब्यांचा आहे. तोही सगळ्या जगाच्या नाही, तर विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या अमेरिकन मालडब्यांचा. भारतात जी एचओ (म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराची) मॉडेलं मिळतात त्यांत अमेरिकन मालडबे बरेच असतात, आणि या डब्यांचे कागदपत्रं आणि फोटो घरबसल्या मिळू शकतात. नवशिक्याला यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की ठेवा. अचूक मॉडेल हे नुसत्या ‘बॉक्सकार’चं, म्हणजे सगळीकडून बंद मालडब्याचं नसतं. ते एका विशिष्ट नंबराच्या डब्याचं, एका विशिष्ट तारखेचं असतं. डबा तीस-चाळीस वर्षं धावतो. त्या काळात त्याचे ब्रेक बदलतात, दार बदलतं, छतावरची फळी बदलते, चार वेळा रंग चढतो. यातलं कुठलं रूप तुम्ही बनवताय हे ठरलं नसेल, तर संशोधन कुठे थांबवायचं तेही कळत नाही.

साल ठरवा

कंपनी नंतर, किट (सुटे भाग जोडून मॉडेल करायचा संच) त्याहून नंतर. आधी साल, आणि जमलं तर महिनाही.

अमेरिकेत एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर सर्रास जायचा. या देवाणघेवाणीला इंटरचेंज म्हणतात. इंटरचेंजमध्ये जायचं तर डब्याला सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेले नियम पाळावे लागत. हे नियम ठरलेल्या वेळी बदलत गेले, म्हणून मॉडेल करणाऱ्याला ते कॅलेंडरसारखे वापरता येतात.

ट्रकपासून बघू. ट्रक म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. आपले रेल्वेवाले तिला बोगी म्हणतात, पण बोलीभाषेत आपण बोगी म्हणजे अख्खा डबा समजतो, म्हणून इथे ट्रक हाच शब्द वापरतो. लोखंडी पट्ट्या वाकवून आणि बोल्टने आवळून केलेले आर्च बार ट्रक १९४० च्या सुमारास इंटरचेंजमधून बाद झाले. बोल्ट ढिले पडून ते धोकादायक ठरत. म्हणजे १९५० च्या मालगाडीत परक्या कंपनीच्या डब्याखाली आर्च बार दिसला, तर ते मॉडेल चूक आहे, मग रंगकाम कितीही देखणं असो.

ब्रेकचंही तसंच. जुनी यंत्रणा ‘के’ नावाची. तिच्यात सिलिंडर आणि हवेची टाकी बहुधा एकमेकांना चिकटून एकाच तुकड्यात असतात. १९३३ पासून नव्या डब्यांवर ‘एबी’ यंत्रणा आली. तिचे तीन भाग वेगवेगळे टांगलेले दिसतात: सिलिंडर, दोन कप्प्यांची टाकी आणि व्हॉल्व्ह. ‘के’ ब्रेकचे डबे १९५३ नंतर इंटरचेंजमध्ये चालेनासे झाले. छतावर चालायची फळी आधी लाकडाची होती. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून नव्या डब्यांवर लोखंडी जाळीची आली, आणि १९६६ च्या ऑक्टोबरपासून नवे डबे फळीशिवायच बांधले जाऊ लागले. डब्याच्या कुशीवर रंगीत पट्ट्यांची चौकोनी पाटी दिसली तर साल १९६७ च्या पुढचं. ती यंत्राने नंबर वाचण्यासाठी होती आणि १९७७ मध्ये ती योजना सोडून दिली. चाकांच्या तपासणीचा पिवळा ठिपका १९७८ चा.

या लेखापुरतं आपण १९५० घेऊ. वाफेची आणि डिझेलची इंजिनं एकाच यार्डात उभी असायची तो हा काळ. त्यामुळे इंजिनांच्या बाबतीत हात मोकळा राहतो.

एक वर्ग निवडा

आपला डबा पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचा एक्स-२९. चाळीस फुटी, पूर्ण पोलादी बॉक्सकार. १९२४ पासून पुढे दशकभर हे डबे बांधले गेले आणि त्यांची संख्या तीस हजारांच्या घरात गेली. बॉक्सकार माल भरेल तिकडे जायच्या. नियम असा होता की परका डबा रिकामा झाला की शक्यतो त्याच्या घराच्या दिशेने माल भरून परत पाठवायचा. प्रत्यक्षात तो डबा देशभर फिरत राहायचा. म्हणून तुमचा लेआउट (रुळांसकट उभा केलेला छोटा देखावा) कॅलिफोर्नियाचा असो की शिकागोचा, १९५० सालच्या मालगाडीत एक्स-२९ शोभतोच. नवशिक्याने पहिला डबा असा घ्यावा, जो कुठेही लावला तरी खोटा ठरत नाही.

एडिसन, मेटुचेन, प्रिन्स्टन जंक्शन इथून रोज लोकलने न्यूयॉर्कला जाणाऱ्या मराठी वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुम्ही ज्या मार्गाने जाता तो पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचाच जुना मुख्य मार्ग आहे.

या डब्याची ओळख त्याच्या उंचीत आहे. एक्स-२९ ची आतली उंची ८ फूट ७ इंच. १९३७ मध्ये असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्सने जो प्रमाण डबा ठरवला, त्याची आतली उंची १० फूट, आणि युद्धानंतर साडेदहा फूट सर्रास झाली. एचओ प्रमाणात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. म्हणजे एक्स-२९ ची आतली उंची ३० मिलिमीटर, १९३७ च्या डब्याची ३५. मॉडेलमध्ये पाच मिलिमीटर म्हणजे खूप. दोन डबे शेजारी उभे केले की एकाचं छत दुसऱ्याच्या खांद्याशी येतं. त्या काळच्या गाडीची वरची रेघ अशीच खालीवर जाणारी असायची. सगळे डबे एकाच उंचीचे घेतले तर गाडी चुकीची दिसते, आणि बघणाऱ्याला का ते सांगताही येत नाही.

कागद वाचा

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’. रेल्वे कंपन्यांच्या कारकुनांसाठी वर्षातून अनेकदा निघणारी ही जाडजूड यादी होती. कुठल्या कंपनीकडे कुठल्या नंबरांचे किती डबे, त्यांची आतली लांबी-रुंदी-उंची, दाराची रुंदी, किती घनफूट माल मावतो, किती पौंड चालतो, हे सगळं तिच्यात ओळीने असतं. जानेवारी १९४३ आणि जानेवारी १९५३ या अंकांची पुनर्मुद्रणं झालेली आहेत, आणि इतर काही जुने अंक स्कॅन होऊन नेटवर आले आहेत. आपलं साल १९५०. त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन अंक मिळाले तरी पुरे. दोन्ही अंकांत एकच नंबर-मालिका बघा. संख्या किती घटली ते बघा. एखाद्या मालिकेत आधी चारशे डबे असतील आणि नंतर तीनच उरले असतील, तर तो नंबर निवडताना दोनदा विचार करा.

रजिस्टर रूप सांगत नाही. त्यात दार पत्र्याचं की नालीदार हे कळत नाही. त्यासाठी ‘कार बिल्डर्स सायक्लोपीडिया’ चाळा. डबे बांधणाऱ्या धंद्याचा हा ग्रंथ ठरावीक वर्षांनी नव्याने निघायचा. त्यात आराखडे आहेत, सुट्या भागांच्या जाहिराती आहेत, आणि मला स्वतःला त्या जाहिराती फार मोलाच्या वाटतात. छताच्या जाळीच्या चार कंपन्यांची चार वेगळी नक्षी एकाच ठिकाणी बघायला मिळते. याशिवाय प्रत्येक मोठ्या रेल्वेची स्वतःची आराखड्यांची वही असायची. पेन्सिल्व्हेनियाच्या आराखड्यांवर आणि छायाचित्रांवर त्या रेल्वेच्या टेक्निकल अँड हिस्टॉरिकल सोसायटीने बरंच काम केलं आहे.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी स्ट्रासबर्गचं ‘रेलरोड म्युझियम ऑफ पेन्सिल्व्हेनिया’ बघावंच. मध्य न्यू जर्सीहून गाडीने दोन-अडीच तास. डेलावेअरमधल्या हॅगली ग्रंथालयात कंपन्यांचे जुने दप्तर आहे, आणि इलिनॉयच्या युनियन गावातल्या रेल्वे म्युझियममध्ये खऱ्या मालडब्यांच्या खाली वाकून बघता येतं. खाली वाकून बघणं महत्त्वाचं आहे. फोटोत जे काळोखात जातं ते तिथे दिसतं. भारतातल्या वाचकांना हे शक्य नाही, पण पुण्यात कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय जरूर बघा. चालता लेआउट प्रत्यक्षात कसा दिसतो हे एकदा पाहिलं, की डब्याच्या कुठल्या बाजूवर मेहनत घ्यायची ते आपोआप समजतं.

फोटो: खरा साक्षीदार

कागद खोटं बोलत नाहीत, पण ते डब्यांच्या मालिकेबद्दल बोलतात. एका डब्याबद्दल फक्त फोटो बोलतो. म्हणून माझा नियम असा की फोटो नसेल तर तो नंबर घ्यायचा नाही. आधी फोटो मिळवा, फोटोतला नंबर घ्या, आणि मग त्या नंबराला साजेसं किट शोधा. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात. किट आधी विकत घेतात, आणि मग त्याला पटेल असा फोटो शोधत बसतात.

फोटो दोन प्रकारचे. पहिला कारखान्यातला. नवाकोरा डबा, सपाट उजेड, सगळे रिव्हेट मोजता येतात. मोजमापासाठी हा उत्तम. पण तो डबा एका दिवसाचा आहे, अजून त्याने पाऊस पाहिलेला नाही. दुसरा प्रकार यार्डातला किंवा धावत्या गाडीचा. इथे सावल्या आहेत, धूर आहे, माणसं मध्ये आली आहेत, आणि नेमकं हेच आपल्याला हवं असतं.

लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सरकारी छायाचित्रकारांचा मोठा संग्रह आहे. त्यातले जॅक डेलानो यांनी १९४२-४३ मध्ये शिकागोची रेल्वे यार्डं आणि सांता फे रेल्वेचा प्रवास टिपला, आणि त्यातले काही फोटो रंगीत आहेत. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या प्रोव्हिसो यार्डचे त्यांचे फोटो पूर्ण आकारात डाउनलोड करा. वापरायला ते सगळ्यांना खुले आहेत. उंचावरून काढलेल्या फोटोंत डब्यांची छतं दिसतात, आणि छतांचे फोटो एरवी दुर्मीळ असतात. लेआउटवर मात्र आपण डबे नेहमी वरूनच बघतो. हे फोटो मोठे करून बघितले की लक्षात येतं, की एका रांगेतल्या दहा ‘तपकिरी’ डब्यांचे दहा रंग आहेत. एक विटकरी, एक जांभळट, एक धुराने जवळपास काळा.

फोटो वाचायची एक शिस्त लावून घ्या. डब्याच्या ज्या टोकाला हातब्रेकचं चाक असतं ते ‘बी’ टोक, दुसरं ‘ए’. फोटोत कुठलं टोक दिसतंय हे आधी लिहा. मग क्रमाने खाली या. छताचा प्रकार, छतावरची फळी, टोकाचा पत्रा, दार, दाराखालची पट्टी, शिडी, ट्रक. प्रत्येकासमोर ‘दिसतं’, ‘दिसत नाही’ आणि ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द लिहा. अंदाज आणि पुरावा एकाच शाईत मिसळू देऊ नका.

टोकाच्या पत्र्याकडे विशेष लक्ष द्या. ताकदीसाठी त्यावर आडव्या उभारलेल्या घड्या असतात. त्या वरच्या पत्र्यावर किती आणि खालच्या पत्र्यावर किती, हे मोजायचं. वर चार, खाली पाच असतील तर त्याला ४/५ म्हणतात. युद्धानंतरच्या उंच डब्यांवर ५/५ किंवा आर-३/४ (आर म्हणजे सगळ्यात वरची आयताकृती घडी) असे प्रकार दिसतात. एक्स-२९ च्या बाबतीत फरक आणखी ठळक आहे. सुरुवातीच्या डब्यांची टोकं सपाट पत्र्याची होती, नंतरच्या तुकड्यांना ड्रेडनॉट नावाची घड्यांची टोकं आली. दारंही तशीच: आधी क्रेको कंपनीची सपाट पत्र्यांची, नंतर यंगस्टाउनची नालीदार. दुरुस्तीत एकाचं दार दुसऱ्याला लागलेलंही दिसतं. म्हणजे ‘एक्स-२९ चं दार कसं असतं’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या नंबराचं, कुठल्या साली, असं विचारा.

फोटोखालच्या तारखेवर विसंबू नका. तारीख डब्यावरच लिहिलेली असते. वजनाच्या आकड्यांशेजारी शेवटचं वजन कुठल्या कारखान्यात, कुठल्या महिन्यात केलं ते छापलेलं असतं. फोटो त्या महिन्याच्या नंतरचा, हे नक्की. फोटो कधी उलटे छापले जातात, तेही अक्षरांवरून लगेच कळतं. आणि कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नसे, त्यामुळे विटकरी डबा तिच्यावर काळाच येतो.

किट घेताना

आता दुकानाकडे वळा. हातात फोटोची यादी असू द्या. रेड कॅबूस या कंपनीने एक्स-२९ चं एचओ प्लास्टिक किट काढलं होतं. ते सेकंडहँड बाजारात शोधावं लागतं, पण शोधण्याच्या लायकीचं आहे. दुसरं एखादं किट मिळालं तर व्हर्नियर कॅलिपरने उंची आणि लांबी मोजा. आतली लांबी ४० फूट ६ इंच म्हणजे एचओत १४१.७५ मिलिमीटर. डबा बाहेरून त्याहून थोडा मोठा भरतो. लांबीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. उंची चुकली तर किट परत ठेवा. दार बदलता येतं, टोक बदलता येतं, छतही बदलता येतं. उंची बदलायची म्हणजे अख्खा डबा कापायचा, आणि ते पहिल्या डब्याचं काम नव्हे.

भारतातून मागवणाऱ्यांसाठी दोन व्यवहारी गोष्टी. तीन-चार मित्रांनी मिळून एकत्र पार्सल मागवलं तर टपालखर्च विभागला जातो. कस्टम्सची रक्कम मात्र आधीच हिशेबात धरा. आणि सिमेंट, थिनर, रंग असे ज्वलनशील पदार्थ परदेशातून विमानाने येत नाहीत असं धरून चाला. टामियाचं पातळ सिमेंट आणि रंग भारतातल्या हॉबी दुकानांत मिळतात.

बांधणी

सुरुवात खालून करा. तळ, मग ट्रक, मग कपलर (डबे एकमेकांना जोडणारा आकडा), आणि डबा रुळावर नीट धावतो याची खात्री झाल्यावरच वरच्या नाजूक कामाला हात घाला. बाहेरच्या बारीक सळ्या लावून झाल्यावर डबा उलटा धरून कपलर घासत बसलात तर सळ्या तुटणारच.

या डब्याला ३३ इंची चाकं, म्हणजे एचओत साडेनऊ मिलिमीटरहून थोडी मोठी. चाकं धातूचीच घ्या. प्लास्टिकची चाकं रुळावर मळ पसरवतात. ट्रक घेताना पेन्सिल्व्हेनियाच्या २डी-एफ८ या प्रकाराशी जुळणारे शोधा. त्यांच्या बाजूच्या चौकटीचा आकार इतर कंपन्यांच्या ट्रकहून वेगळा ओळखू येतो. वजनासाठी अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस आहे: एचओ डब्याला एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपला डबा पावणेसहा-सहा इंचांचा, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम. हार्डवेअरच्या दुकानातले नट आतल्या तळाला दोन्ही टोकांकडे सारख्या वजनाचे चिकटवले की काम होतं. डबा बंद करायच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा.

तळाशी ब्रेकचे भाग लावताना आपलं साल आठवा. १९५० मध्ये एक्स-२९ ला ‘एबी’ असू शकतो, जुना ‘के’ही असू शकतो. फोटोत तळ स्पष्ट दिसत नसला तरी दारांच्या खालच्या सावलीत टाकीचा आकार बहुधा ओळखू येतो. तीन वेगळे गोळे दिसले तर एबी. सगळे नळ आणि दांड्या बसवायच्या का, हा प्रत्येकाच्या हौसेचा प्रश्न. माझं मत असं की डबा बाजूने बघताना जे दिसतं ते सगळं लावावं. जे फक्त उलटा केल्यावर दिसतं त्यातलं मुख्य तेवढं लावावं.

आता पकडायच्या सळ्या, म्हणजे ग्रॅब आयर्न. खऱ्या डब्यावर त्या पाऊण इंचाहून बारीक, पाच अष्टमांश इंच जाडीच्या. एचओत हे ०.१८ मिलिमीटर होतं, आणि इतकी बारीक तार टिकत नाही. पाव मिलिमीटरची पितळी तार वापरा. किटवर ओतीव सळ्या असतील तर धारदार पात्याने त्या अलगद तासून काढा. पातं स्वतःपासून दूर ढकला आणि नवं पातं वापरा. बोथट पातंच जास्त वेळा बोट कापतं. सळीच्या दोन भोकांमधलं अंतर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकदा आखून घ्या आणि सगळ्या तारा त्याच्यावरच वाकवा. सळ्यांच्या आणि शिड्यांच्या जागा मनाने ठरवायच्या नाहीत. १९११ च्या सरकारी सुरक्षा नियमांनी त्या ठरवून दिलेल्या होत्या, त्यामुळे एका डब्याचा स्पष्ट फोटो दुसऱ्यालाही बराच उपयोगी पडतो. भोकं पाडायला ०.३ मिलिमीटरचं ड्रिल आणि हाताने फिरवायचा पिन व्हाइस. सुपरग्लूचा थेंब आतून लावा, म्हणजे बाहेर डाग पडत नाही. हे सगळं खिडकी उघडी ठेवून करा. सिमेंट आणि सुपरग्लू दोन्हींच्या वाफा डोळ्यांना आणि छातीला त्रास देतात.

छतावरची फळी लाकडी असेल तर तीन पट्ट्यांमधल्या फटी खऱ्या दिसू द्या. प्लास्टिकवर बारीक सँडपेपर लांबीच्या दिशेने दोन-तीनदा ओढला की लाकडाचे तंतू उमटतात.

रंग आणि अक्षरं

पेन्सिल्व्हेनियाचे मालडबे लोहाच्या ऑक्साइडच्या विटकरी-तपकिरी रंगाचे. नेमकी छटा कुठल्या साली कुठली यावर जाणकारांत अजून वाद होतात, त्यामुळे एका बाटलीवर अडून बसू नका. दोन डब्यांना थोड्या वेगळ्या छटा देणं हेच जास्त खरं. पातळ थर, दोन-तीनदा. अक्षरांआधी चकचकीत वॉर्निश मारा. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांखाली) हवा अडकते आणि कडा चमकतात. डेकल बसल्यावर सेटिंग सोल्यूशन (डेकल मऊ करून पृष्ठभागाला बसवणारं द्रावण) लावा आणि एक रात्र हात लावू नका. रिव्हेटच्या डोक्यांवर बुडबुडे राहिले तर सुईने टोचून पुन्हा सोल्यूशन द्या.

पेन्सिल्व्हेनियाच्या बोधचिन्हाचे तीन काळ आहेत. वर्तुळातला कीस्टोन (कमानीच्या माथ्यावरच्या दगडाचा आकार) १९३० च्या सुमारापासून १९५४ पर्यंत. मग सावली असलेला कीस्टोन. मग १९६१ पासून साधा कीस्टोन. १९६८ मध्ये ही कंपनी आणि न्यूयॉर्क सेंट्रल एक होऊन पेन सेंट्रल झाली. आपल्या १९५० ला वर्तुळातलाच कीस्टोन हवा. पण एक लक्षात असू द्या. या तारखा नवा रंग *कधीपासून* मारायला लागले ते सांगतात. जुना रंग त्या दिवशी नाहीसा झाला नाही. तीस हजार डबे रंगवायला वर्षं लागतात, म्हणून १९५७ च्या गाडीतही वर्तुळातले कीस्टोन भरपूर असायला हवेत. नवीन बोधचिन्ह साल पुढे ढकलतं. जुनं बोधचिन्ह साल मागे खेचत नाही.

आता वजनाचे आकडे. इथे बहुतेक मॉडेलं चुकतात, आणि इथली चूक बेरजेने पकडता येते. डब्यावर तीन ओळी असतात. सीएपीवाय म्हणजे नाममात्र क्षमता. एलडी एलएमटी म्हणजे जास्तीत जास्त किती माल भरता येईल. एलटी डब्ल्यूटी म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज आसांच्या जाडीवर ठरते. एक्स-२९ हा ५० टनी डबा, त्याच्या आसांचे टोक साडेपाच बाय दहा इंचांचे, आणि अशा चार आसांवर १९५० मध्ये एकूण १,६९,००० पौंड चालत. म्हणजे रिकामं वजन ४५,७०० असेल तर एलडी एलएमटी १,२३,३००. दुसरा आकडा असूच शकत नाही. फक्त त्याच्याआधी चांदणीची खूण असेल तर कंपनीने काही कारणाने मर्यादा मुद्दाम कमी केलेली असते. चाळीस टनी डब्याची बेरीज १,३६,००० येते. १९६० च्या दशकात ५० टनीची मर्यादा १,७७,००० झाली, त्यामुळे डेकलच्या कागदावर नंतरच्या सालचे आकडे असतील तर ते १९५० च्या डब्यावर लावू नका. दुकानातलं कुठलंही तयार मॉडेल हातात घेतलं की आधी ही बेरीज करून बघा.

वजनाची तारीख तुमच्या सालाच्या जरा आधीची निवडा. डबा काही वर्षांनी पुन्हा तोलला जायचा, तेव्हा जुन्या आकड्यांवर रंगाचा ताजा चौकोन मारून त्यावर नवे आकडे छापत. म्हणून जुन्या डब्यावर आकड्यांच्या मागचा चौकोन थोडा गडद आणि स्वच्छ असतो. डेकल लावायच्या आधी एवढ्याच भागावर ताज्या विटकरीचा पातळ थर द्या. एचओमध्ये हा तुकडा नखाएवढाही नसतो, पण जाणकाराची नजर सगळ्यात आधी तिथेच थांबते. आसांचं तेल आणि गादी बदलल्याची तारीख त्याहून ताजी हवी, कारण ते काम वारंवार व्हायचं. तीही एका छोट्या चौकोनात असते.

जुनेपण

१९२५ चा डबा १९५० मध्ये पंचवीस वर्षांचा. या पिढीतल्या पोलादी डब्यांची कुशी खालच्या कडेला गंजून फुटायची, आणि एक्स-२९ वर तिथे पत्र्याची ठिगळं लावलेली पुढच्या काळातल्या फोटोंत दिसतात. तुमच्या डब्याच्या फोटोत ठिगळं असतील तर पातळ स्टायरीनची (प्लास्टिकची) पट्टी चिकटवा. नसतील तर लावू नका. ‘जुना आहे म्हणून गंज’ हे कारण पुरेसं नाही.

पातळ केलेल्या गडद तपकिरीचा एक हात सगळीकडे, छतावर काळपट धूर, ट्रकवर धुळीचा राखाडी रंग. सॉफ्ट पेस्टलच्या काड्या सँडपेपरवर घासून केलेली पूड कोरड्या ब्रशने लावली तर भारतात दुसरं काही मागवावं लागत नाही. पांढरी अक्षरं खाली ओघळलेली काही फोटोंत दिसतात. रंग भुकटतो आणि पावसाने धुऊन खाली येतो, म्हणून. अगदी थोडा पांढरा घ्या आणि ब्रश फक्त वरून खाली ओढा. शेवटी मॅट वॉर्निश. वॉर्निशने पूड थोडी नाहीशी होते, म्हणून आधी किंचित जास्त लावा.

नोंद ठेवा, मग दुसरा डबा

प्रत्येक डब्यासाठी एक पान. वर नंबर आणि तारीख. खाली फोटो, त्याचा स्रोत, रजिस्टरमधली ओळ, आणि ‘दिसतं’, ‘दिसत नाही’, ‘अंदाज’ ही यादी. पाच वर्षांनी दुसरा फोटो मिळाला आणि अंदाज खोटा ठरला, तर नेमकं काय बदलायचं ते पानावरून लगेच सापडतं.

दुसरा डबा बाल्टिमोर अँड ओहायोचा एम-२६ घेतलात तर अर्धं संशोधन झालेलंच असेल. तो एक्स-२९ च्याच मूळ आराखड्यावर बांधलेला, जवळपास जुळा. फरक कुठे आहेत ते शोधायला लावणारा हा उत्तम सराव आहे. तिसरा मात्र १९३७ च्या नमुन्याचा, दहा फूट उंचीचा घ्या, म्हणजे गाडीची वरची रेघ लगेच जिवंत होते. कोळशाच्या हॉपर घ्यायची घाई करू नका. त्या खाणीपासून ठरलेल्या मार्गांवर फिरायच्या आणि बॉक्सकारसारख्या देशभर जात नसत. तुमचा लेआउट कुठल्या भागातला हे पक्कं ठरल्यावरच कुठल्या कंपनीच्या हॉपर हे ठरवता येतं.